तळ्याकाठचा नाश्ता आणि आचारीणबाईंची रजा

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार घालायचा तर आधी वाकावं लागेल, आणि तंबूत झोपून आल्यापासून माझी कंबर माझं अजिबात ऐकत नाही. तेव्हा हा नमस्कार खुर्चीत बसूनच, मान तुकवून केलेला आहे असं समजून गोड मानून घे. तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचा रक्तदाब खाली आला का? (मागच्या वेळी ती म्हणाली की माझा फोन येऊन गेला की तो वाढतो. मी ते मनावर घेतलेलं नाही, पण विसरलेलीही नाही.) इकडे आम्ही दोघं, म्हणजे मी आणि बाबा, हातीपायी धड आहोत. डोक्याचं म्हणशील तर बाबांचं तुला माहीत आहे आणि माझ्याबद्दल तुझं मत तू फोनवर सांगितलंच होतंस.

खरं तर हे सगळं फोनवरच सांगितलं असतं. पण फोनवर तू दोन वाक्यं ऐकलीस की "बरं, मग ठरलं काय?" असं विचारतोस आणि माझं पुढचं सगळं बोलणं घशातच राहतं. शिवाय फोन वाजला की बाबा शेजारी येऊन ताठ उभे राहतात आणि "मुख्य कचेरी का?" असं हळूच विचारतात. म्हणून पत्र. पत्रात कोणी मधे तोडत नाही, आणि वाचता वाचता तुला एखादी बैठक आठवली तर ते पालथं घालून तू उठलास, तरी मला इथे कळणार नाही.

सगळ्यात आधी वहिनीचे आभार. आम्ही तळ्याकाठी तंबू ठोकून राहणार असं कळल्यावर तू चिडलास, पण तिने काही न बोलता मला फोनवर एक लांबलचक पान पाठवून दिलं, "तंबूतले झटपट आणि सोपे नाश्ते". त्या पानावर फोटोत एक बाई आहे. पांढरा स्वेटर, हातात वाफाळता कप, मागे डोंगर, केसांत एकही काडी नाही की गवत नाही. तिच्याकडे बघून मला वाटलं, हे तर मलाही जमेल. सकाळच्या गोळ्या बाबांना रिकाम्या पोटी देता येत नाहीत आणि उठल्यापासून घटकाभरात पोटात काही गेलं नाही तर ते कोणाचंच ऐकत नाहीत, त्यामुळे झटपट या शब्दाला आमच्या घरी फार किंमत आहे. पानावर लिहिलेलं सगळं सामान मी आणलं. ओट्स, दुधाची भुकटी, मैदा, अंडी, केळी, चॉकलेट, पाव, लोणी, साखर आणि चांदीचा असतो तसा तो चकचकीत कागद. दुकानदाराने विचारलं, सहल का? मी म्हटलं, हो. आणखी काय सांगणार?

मुळात हे तंबूचं डोक्यात आलं कसं, ते तुला नीट कधी सांगितलंच नाही. हिवाळ्यापासून बाबांनी सकाळी उठल्याबरोबर अंथरूण गुंडाळायला सुरुवात केली. नुसतं गुंडाळत नाहीत, दोरीने आवळून, वर त्यांची ती घट्ट गाठ मारून दाराशी आणून ठेवतात आणि त्यावर बसून राहतात. ट्रक यायचाय म्हणतात. (दोरी मिळाली नाही तर पडद्याची, गाऊनची, एकदा माझ्या मोज्यांची.) आयुष्यभर रस्त्यांची मोजणी करत अर्धं वर्ष तंबूत काढलेला माणूस. आपण लहान असताना ते घरी यायचे तेव्हा तंबूच्या कशा गोष्टी सांगायचे, आठवतं? शेकोटी, चांदणं, तंबूत शिरलेलं गाढव. मला वाटलं, सगळं विसरले तरी तंबू तेवढा आत शिल्लक राहिलाय आणि तोच त्यांना बोलावतोय. माझ्या चष्म्याच्या दुकानात घेऊन बसावं तर तिथेही धड नाही. गिऱ्हाईक समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचताना अडखळलं की बाबा मागून हळूच उत्तर सांगतात. एका गृहस्थाची नजर त्यांनी अशी काही उत्तम ठरवली, की तो बिचारा चष्म्याशिवाय घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी कपाळाला पट्टी बांधून परत आला. मग एक दिवस मी न्हाणीघरात असताना ते गुंडाळी घेऊन खाली गेले आणि रस्त्याच्या कडेला तिच्यावर बसून राहिले. खालच्या शिंपीकाकांनी त्यांना हाताला धरून वर आणलं. पाय थंड पडले होते. रस्त्यावरच्या प्रत्येक ट्रकला त्यांनी हात केला होता म्हणे.

त्याच सुमाराला तू त्या शुश्रूषागृहाचं बोललास. तिथे पुढच्या महिन्यात जागा होते आहे, बाग आहे, रात्रंदिवस नर्स आहे, सगळं खरं. पण मी म्हटलं, आधी एकदा त्यांना त्यांच्या तंबूत नेऊन आणते. माणसाला एवढी ओढ लागली असेल तर ती मारून त्याला कुठे नेऊन ठेवायचं नाही. त्यावर तू म्हणालास, तुझं डोकं फिरलंय. तू असंही म्हणालास, "ते मला ओळखणार नाहीत, मग तिथे येऊन मी काय करणार?" त्याला मी उत्तर दिलं नव्हतं, तेव्हा माझ्याकडे नव्हतंच.

तर तळं. शहरापासून फार लांब नाही. कुंपण घातलेलं मोठं गवताळ मैदान, त्यात आखून दिलेल्या जागा, एका बाजूला नळ आणि संडास, आणि पलीकडे उतारावर पाणी. मी घेतलेला तंबू आपोआप उघडणारा होता. तो दिवाणखान्यात एकदा आपोआप उघडला होता आणि त्यात दिव्याची हंडी गेली होती, त्यामुळे तळ्याकाठी मी त्याला लांबूनच काठीने डिवचत होते. बाबा थोडा वेळ बघत राहिले. मग पुढे झाले, वारा कुठून येतोय ते गाल फिरवून पाहिलं, तंबूचं तोंड वळवलं आणि एकेक खुंटी तिरकी ठोकत गेले. माझ्याकडे न बघता हात मागे करायचे आणि मी त्यात खुंटी ठेवायची. दादा, कित्येक महिन्यांत बाबा इतके उंच दिसले नव्हते. मी मनात तुझ्याशी भांडण जिंकलंसुद्धा. मग ते वळले, हात झटकले आणि मला म्हणाले, "बाई, तुम्ही नवीन आचारीण ना? चूल वाऱ्याच्या आड लावा."

जन्मात पहिल्यांदा बाबांनी मला तुम्ही म्हटलं. घरी ते मला काहीच म्हणत नाहीत, काय म्हणायचं ते त्यांना सुचत नाही म्हणून. इथे निदान हुद्दा मिळाला. मी म्हटलं, "हो साहेब."

शेजारच्या जागेत एक बाई एकट्याच राहत होत्या. मोटार शिकवण्याच्या शाळेत त्यांनी जन्म काढलेला आणि आता निवृत्त झालेल्या, पण उजवा पाय काही निवृत्त झालेला नाही. समोर कोणी धांदरटपणा केला की तो आपसूक गवतावर दाबला जातो, ब्रेक असल्यासारखा. माझी चूल पेटवण्याची तऱ्हा पाहून त्यांनी इतक्यांदा ब्रेक दाबला की त्यांच्या खुर्चीपुढे खळगा पडला. बाबांनी त्यांना पाहिलं, त्यांचा करडा आवाज ऐकला आणि ताबडतोब शर्टाची वरची गुंडी लावली. मला कानात म्हणाले, "मोठे साहेब तपासणीला आलेत. नाश्ता नीट करा." मी त्या बाईंना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "साहेब तर साहेब. मला काय, शाळेत पोरं मला याहून वाईट नावं ठेवायची."

पहिल्या सकाळी पानावरचा पहिला नाश्ता, रात्रभर भिजवलेले ओट्स. बरणीत ओट्स आणि दूध घालायचं, झोपायचं, सकाळी खायचं. याहून सोपं ते काय. सकाळी बरणी उघडून मी बाबांच्या हातात दिली. त्यांनी चमचा उभा केला, तो उभाच राहिला. वास घेतला. मग "खळ छान झालीय" असं म्हणून ते बरणी घेऊन निघाले. गोळ्या अजून द्यायच्या होत्या, म्हणून मी मागे धावले. फाटकाजवळच्या फळ्यावर मैदानाचा नकाशा लावलेला होता, त्याचा एक कोपरा सुटून वाऱ्याने फडफडत होता. बाबांनी बोटाने ओट्स घेऊन तो कोपरा व्यवस्थित चिकटवला, तळहाताने फुगे काढले, आणि मग बाकीचे तीन कोपरे कोणाच्या भरवशावर ठेवायचे म्हणून तेही चिकटवले. वहिनीला सांग, फार उत्तम चिकटतात. माझ्या मनात आलं होतं की उरलेलं मी खावं, पण ते पाहिल्यावर धीर झाला नाही. गोळ्यांसाठी त्यांना कोरडा पाव दिला.

दुसऱ्या सकाळी पॅनकेक. पानावर अशी युक्ती दिलीय की सगळं कोरडं सामान घरूनच बाटलीत भरून न्यायचं, आयत्या वेळी पाणी घालायचं, झाकण लावायचं आणि जोरात हलवायचं. मी हलवलं. सोडा जरा जास्त पडला असावा. (पानावर चिमूटभर म्हटलंय, पण चिमूट कोणाची ते सांगितलेलं नाही.) बाटली माझ्या हातात हळूहळू कडक होत गेली, आणि मी झाकण सैल करावं की नको या विचारात असताना तिनेच निर्णय घेतला. झाकण उडालं ते कुठे गेलं हे अजून कळलेलं नाही. बाकीचं सगळं तंबूवर, माझ्या केसांवर, चष्म्यावर आणि शेजारच्या मोठ्या साहेबांच्या वाळत टाकलेल्या कपड्यांवर. त्या बाईंनी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसायला लागलो, आणि खरं सांगते दादा, हिवाळ्यापासून मी अशी हसले नव्हते. डोळे पुसायला चष्मा काढला, तो पदराने पुसला, परत घातला, आणि बघते तर बाबांची खुर्ची रिकामी.

पुढचं लवकर लिहून टाकते, कारण सावकाश लिहिता येत नाही. ते पाण्यात होते. उताराच्या खाली, मांडीपर्यंत, कपड्यांसकट. हातात तंबूची काठी, ती पाण्यात उभी करायची, खोली बघायची, एक पाऊल पुढे जायचं, परत काठी. वर आकडे मोठ्याने सांगत होते, कोणीतरी किनाऱ्यावर लिहून घेत असल्यासारखे. मी ओरडले, "बाबा." त्यांनी वळूनही पाहिलं नाही. वळतील कसे, तिथे त्यांना बाबा म्हणणारं कोणी नव्हतंच. मी पाण्यात शिरले तसे ते घाबरून आणखी आत सरकले. पाणी बर्फासारखं होतं. तेवढ्यात माझ्या मागून त्या बाईंचा आवाज आला, ज्या आवाजाने त्यांनी जन्मभर चौकाचौकांत गाड्या थांबवल्या असतील तो. "मोजणी थांबवा. आकडे मिळाले. वळा, उजवीकडून वळा, सावकाश, घाई नाही. मागे बघून घ्या. हां, आता सरळ या." आणि बाबा वळले, सावकाश, मागे बघून घेऊन, सरळ आले. किनाऱ्यावर येऊन ते त्यांच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "तळ खडकाळ आहे साहेब. इथे पूल होईल." त्या म्हणाल्या, "चांगलं काम केलंत. आता कपडे बदला." मग त्या आपल्या तंबूत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

त्या दिवशी मी दिवसभर बाबांच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून बसले. झोपताना ते माझ्या मनगटाला बांधून घेतलं. (गाठ त्यांनीच मारून दिली, कशासाठी ते न विचारता.) तुझ्याशी जिंकलेलं भांडण मी परत करून टाकलं.

तिसऱ्या सकाळी जाग आली तर बाबांनी गाठ सोडवून अंथरूण गुंडाळलेलं होतं आणि तंबूच्या तोंडाशी त्यावर बसले होते. तळ्यावर धुकं होतं. मला आधी रागच आला. तंबूतून तंबूत कुठे जायचं असतं या माणसाला? तरी मी केळी चिरून त्यात चॉकलेटचे तुकडे भरले, चकचकीत कागदात गुंडाळून निखाऱ्यावर ठेवली (पानावरचा हा एकच नाश्ता मला साधला, तेही त्यात करायचं काही नसतं म्हणून) आणि विचारलं, "साहेब, पुढचा मुक्काम कुठे?"

ते म्हणाले, "मुक्काम कसला? घरी. ट्रक आला की घरी."

"घरी? इथलं संपलं?"

"संपतंय कुठे. पण रोज बांधून ठेवायचं. ट्रक येतो आणि आपलं अंथरूण पसरलेलं, म्हणजे गेला ना तो."

मी विचारलं, "साहेब, तुम्हाला तंबू आवडत नाही?"

ते माझ्याकडे बघून हसले, नोकर माणसाने काहीतरी भाबडं विचारल्यावर हसतात तसं. "कोणाला आवडेल बाई? पाठ धरते. रात्रभर कापड वाजतं. पण घरी सांगितलंय मजा असते म्हणून. शेकोटी, चांदणं, काय काय सांगतो. एकदा गाढव शिरलं म्हणून सांगितलं."

"शिरलं नव्हतं?"

"आम्हालाच जागा नव्हती, गाढव कुठे शिरतंय."

दादा, मी चुलीपुढे बसून राहिले. हिवाळ्यापासून रोज सकाळी ते दाराशी गुंडाळी घेऊन बसायचे, ते छावणीला निघालेले नव्हते. ते घरी निघालेले होते. आपल्याच घराच्या दारात बसून ते घरी न्यायला येणाऱ्या ट्रकची वाट बघत होते, आणि मी त्यांना उचलून परत तंबूत आणून टाकलं. वर झटपट आणि सोपा नाश्ता.

केळं भाजलं. मी उलगडून दिलं. त्यांनी अर्धं खाल्लं, उरलेलं कागदात नीट मिटून खिशात ठेवलं. मी म्हटलं, खा ना साहेब, आणखी आहे. तर म्हणाले, "मुलीला नेतो. तिला गोड आवडतं. मी निघालो की ती जेवत नाही, तिची आई कळवते. चिडते माझ्यावर. तिला वाटतं, मला इकडेच बरं वाटतं." मग मुलाबद्दल बोलले. ते बरंच बोलले. केळ्याचं चॉकलेट वितळून खिशातून बाहेर आलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

बोलता बोलता ते थांबले आणि माझ्याकडे निरखून पाहायला लागले. मी धुरात बसले होते, डोळे लाल होते, केसांत आदल्या दिवशीचा मैदा सुकलेला होता. ते म्हणाले, "बाई, राग मानू नका. तुम्हाला हे काम झेपत नाही."

मी म्हटलं, "शिकेन साहेब."

"शिकण्याचं नाही. नाश्ता वाईट करता, ते चालतं. आधीचा आचारी याहून वाईट करायचा. पण तुम्ही झोपत नाही. सारखं माझ्याकडे बघत असता, काही पडेल फुटेल असं. तुमच्या घरी कोणी आहे ना?"

मी म्हटलं, "वडील आहेत."

"मग जा घरी. वडिलांजवळ जाऊन बसा. इथलं मी बघून घेईन. मोठ्या साहेबांना मी सांगतो, तुमच्यावर ठपका येऊ देणार नाही." आणि उठून त्यांनी मला हाताला धरून त्यांच्या गुंडाळीवर बसवलं आणि स्वतः चुलीपाशी गेले. काढून टाकलेल्या माणसाला उपाशी पाठवायचं नाही म्हणाले. पावाला लोणी लावलं, वर साखर पेरली, पाव दुमडून काट्यात टोचला आणि जाळावर धरला. एकदा इकडून, एकदा तिकडून. हात स्थिर होता. साखर आत वितळली तेव्हा तो मला दिला आणि मी खाईपर्यंत समोर उभे राहिले, कोणीतरी लहान मूल जेवतं की नाही ते बघतात तसे. मी सगळा खाल्ला. तोंड भाजलं, तरी सगळा खाल्ला.

त्याच दिवशी आम्ही परत आलो. मोठ्या साहेबांनी तंबू उतरवायला मदत केली. बाबांनी त्यांच्याशी माझ्याबद्दल खरंच बोलणं केलं, चांगला शेरा द्या म्हणाले. त्यांनी दिला. निघताना त्या मला म्हणाल्या, "गाडी चालवताना रडायचं नाही. आधी बाजूला घ्यायची, मग रडायचं." मी दोनदा बाजूला घेतली.

घराच्या दारात बाबा थांबले. आत वाकून पाहिलं आणि विचारलं, "हे कोणाचं घर?" मी म्हटलं, "ओळखीच्यांचं आहे." मग त्यांनी पाय नीट पुसले आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसले, पाहुण्यासारखे. पाणी दिलं तर "कशाला तुम्ही त्रास घेता" म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी गुंडाळी परत दाराशी. या वेळी मी ती उलगडली नाही. दुकान उशिरा उघडलं, चहाचा थर्मास घेतला आणि त्यांच्या शेजारी त्या गुंडाळीवर जाऊन बसले. आम्ही दोघांनी मिळून ट्रकची वाट पाहिली. तुला सांगते, तितकं वाईट नसतं ते. ते मधूनमधून म्हणतात, आज उशीर झाला. मी म्हणते, रस्ता खराब असेल. ते म्हणतात, नाही, रस्ता चांगला आहे, मीच आखलाय.

त्याच दुपारी मी शुश्रूषागृहात फोन करून आम्ही जागा घेतो म्हणून सांगितलं. तेव्हा तू विचारायच्या आत सांगते, हे असं ठरलं. मी त्यांना घरात ठेवायचा हट्ट करत होते, कारण मला वाटत होतं की घर माझ्याकडे आहे. ते माझ्याकडे नाही. ते तुझ्याकडेही नाही, म्हणून तू जिंकलास असंही समजू नकोस. तिथली नर्स चांगली वाटली. मी तिला विचारलं, सकाळी अंथरूण गुंडाळून दाराशी बसले तर चालेल का? ती म्हणाली, आमच्या दाराशी बाक आहे, तिथे आणखी दोघं बसतात, एक बसची वाट बघतात आणि एक बायकोची. मला बरं वाटलं. सोबत होईल.

एवढं लिहून होईपर्यंत दुकान बंद करायची वेळ झाली, तेव्हा इथेच आवरतं घेते. वहिनीला जवळ घेऊन माझा नमस्कार सांग, मुलांना पापा, आणि तू गुडघा जप. माझ्यावर रागावला असशील तर तो राग तसाच असू दे, मला त्याची सवय आहे.

तुझी धाकटी (आणि सध्या कामावरून कमी केलेली)
बहीण

ता. क. वहिनीला लोणी-साखरेच्या पावाची कृती हवी असेल तर वर आलीच आहे. त्या पानावर ती नाही. पांढरा स्वेटर घालून करू नये, साखर ठिबकते.

आणखी एक ता. क. बाबा तुझ्याबद्दल काय बोलले ते लिहीन असं वाटलं होतं, पण लिहिणार नाही. दोनदा लिहून खोडलं. ते माझ्या अक्षरात बरं दिसत नाही, त्यांच्या तोंडूनच ऐकायला हवं. आणि तुला ते सांगणार नाहीत दादा, मुलाला ते कधीच काही सांगू शकले नाहीत. पण ते तुला ओळखणार नाहीत असं तूच म्हणतोस ना? तेच तर. आचाऱ्याला सांगतात. फार मोकळेपणाने सांगतात, फक्त चुलीपाशी बसून "साहेब, मुलगा काय करतो?" एवढं विचारायचं.

शेवटचा ता. क. एक तारखेला त्यांना तिकडे घेऊन जायचंय. त्याआधीच्या सकाळी अजून आपल्या हातात आहेत, आणि आचाऱ्याची जागा रिकामी आहे. अंडी फोडता येतात ना तुला? नाही आली तरी ये.